चवीपुरती

इथे चढ नाही. एकसुद्धा नाही.
वीरुमपासून होल्वर्टपर्यंत समुद्राचा बांध,
बांधाच्या पायथ्याशी सायकलचा रस्ता, फूटपट्टीने ओढलेला,
आणि रस्त्यावर मेंढ्यांच्या लेंड्या.
चढ असतो तो वाऱ्याचा.
दिसत नाही, म्हणून माथा कुठे आला
तेही कळत नाही.

वीब्रेन चाळीस वर्षं फेरीबोटीच्या इंजिनघरात होता.
माणसांपेक्षा त्याचा डिझेलवर भरवसा.
हृदयाच्या ऑपरेशननंतर त्याला मोटरची सायकल घेतली
तर पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यात वरचं बटण दाबलं
आणि पाय नुसते नावाला फिरवत
माझ्यापुढून निघून गेला,
कुणाची तरी तार पोचवायची असल्यासारखा.
मी मागे, माझ्या साध्या सायकलवर,
तोंडात वारा, नाकात मेंढ्या.
घरी म्हणाला, घामसुद्धा नाही आला.
मी म्हटलं, तू आलासच कुठे?
सायकल आली.

त्याला व्यायाम शिकवणारी फ्रोके, पोरसवदा,
तिने एक माप दिलं:
बोलता आलं पाहिजे,
गाता येता कामा नये.
गाता आलं तर मोटर जास्त झाली,
बोलणं तुटलं तर कमी पडली.
म्हणजे मीठ.
चवीपुरतं म्हणतात, आणि पुढे काही सांगत नाहीत.

तेव्हापासून मी बाजूने चालवते
आणि ऐकते.
गोष्ट एकच. गोठलेला समुद्र, अडकलेली बोट,
इंजिनावर वाळत घातलेले मोजे,
आणि एक कप्तान, ज्याचं नाव दर वेळी वेगळं.
वाक्य ऐसपैस आलं की मी म्हणते, एक खाली.
‘आणि मग’ नंतर श्वास लागला
की, एक वर.
कुरकुरतो. पण दाबतो.

पॅडलपाशी म्हणे एक तराजू बसवलाय,
पाय किती जोर लावतो ते तोलतो
आणि त्याच्या पटीत देतो.
दुप्पट, तिप्पट, जशी पायरी.
पण शून्याची पट शून्य.
हे मात्र त्याला आवडलं.
इंजिनाला शिस्त पाहिजे, म्हणाला.

मागच्या गुरुवारी तर्नार्डच्या पुढे बॅटरी संपली.
चार्जिंगला लावायचं कोण विसरलं
यावर आम्ही दोन फाटकं भांडलो.
बंद पडलेली मोटर म्हणजे निव्वळ ओझं,
उसनं अवसान व्याजासकट परत मागणारं.
तिसऱ्या फाटकाशी
त्याचं वाक्य मधेच थांबलं.

मी डावा हात हँडलवर ठेवला,
उजवा त्याच्या पाठीवर टेकवला.
इथे शाळेच्या वाटेवर असंच करतात,
मोठी बहीण, धाकटा भाऊ.
जाकिटाखाली पाठ गरम होती.
त्याने पाय दाबला की ती किंचित पुढे जायची,
मग मी ढकलायचे.
एकदा त्याने पाय थांबवले, मुद्दाम, बघायला.
मी हात काढला.
वारा लगेच आमच्या मधे येऊन बसला.
शून्याची पट, तो म्हणाला,
आणि हसण्यात श्वास घालवला, मेल्याने.

होल्वर्टचं चर्च दिसायला लागलं तेव्हा
दम मलाच लागला होता.
सदुसष्टची आहे मी. बोलले नाही.
तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला,
गा की जरा.
मला गाता येईना.
बोलताही येईना.

उतर, म्हणाला.

मग आम्ही चालत गेलो,
दोन्ही सायकली मधे, एकमेकींना खडखडत लागणाऱ्या,
मेंढ्या वाट देत नव्हत्या.
त्याने मोज्यांपासून पुन्हा सुरुवात केली,
हळू, मला उत्तर द्यावं लागू नये अशा बेताने.
कप्तानाचं नाव या वेळी सीत्से होतं.
घर आलं तरी बोट बर्फातून सुटली नव्हती.