वाटी

रबाळ्याच्या लॅबमध्ये बशीतल्या पेशींचा आज बारावा दिवस.
एकीचा तंतू चाचपडत आलाय दुसरीपाशी,
टेकला नाही. टेकत नाहीतच त्या कधी;
मधे एक फट राहते,
तिच्यातून रेणू जातो.
मग थांबायचं.
पलीकडून उलट रेणू आला तर सांधा धरतो,
नाही आला तर तंतू मुकाट मागे सरतो.
वहीत लिहिलं : सत्तावीस सांधे, एकतीस माघारी.

घणसोलीत घरी आले.
ओट्यावर मढवीकाकूंची वाटी.
जवळ्याची चटणी कधीच संपली,
घासूनपुसून ठेवलीय, नऊ दिवस.
रिकामी कशी द्यायची?

रात्रीचे पावणेबारा.
समोरच्या दाराखालच्या फटीत अजून उजेड.
आईने लातूरहून पाठवलेले शेंगदाणे
कढईत टाकले.
पहिला दाणा तडकला.