चार जीबीचे चाळीस रुपये

सिंदेवाहीच्या बसस्टँडला लागून
माझं दुकान होतं, अडीच फुटांचं.
एक कॉम्प्युटर, एक पंखा,
पंखाही कॉम्प्युटरकडे तोंड केलेला.
चार जीबीचे चाळीस रुपये.
लग्नाचं, जयंतीचं, डीजेचं, मागाल ते भरून,
आणि उरलेल्या जागेत, न मागता,
निरूपा गेडामची रोवणीची गाणी.
ती टाकली की गिऱ्हाईक परत यायचं.

ती गाणी तिनं नागपूरच्या कंपनीला दिलेली,
बारा गाणी, एक दुपार, तीन हजार.
आवाज येतो म्हणून कूलर बंद ठेवला होता.
कागदावर शब्द होता ‘कायमस्वरूपी’.
तिला वाटलं, आपलं नाव राहणार.

मग टॉवर आला. डेटा पाण्यासारखा झाला.
कॅसेट कधीच गेली होती, सीडी गेली,
आणि एका उन्हाळ्यात माझ्याकडे कार्ड घेऊन
कुणी आलंच नाही.
मी रिचार्ज मारले, मग कव्हरं विकली,
मग नुसताच बसू लागलो.

तेंदूपत्त्याचा हंगाम होता.
तोंडाला दुपट्टा बांधलेली बाई स्कूटीवरून उतरली.
“उरकुडाभाऊ, माही गाणी किती जणाइले भरून देल्ली?”
म्हटलं, हिशेब नाही ठेवला.
“म्या ठेवला,” म्हणाली. वही काढली.
नवरगाव दोनशे चार. गुंजेवाही अठ्ठावन्न.
पेंढरी, रत्नापूर, पुढं पानंच्या पानं.
न्हाव्याच्या दुकानात, ट्रॅक्टरवर, वरातीत,
जिथं स्वतःचा गळा कानावर पडला
तिथं थांबून तिनं विचारलं होतं, कुठून आणलं?
सगळे एकच म्हणाले. स्टँडवरून.

मला वाटलं, मागून पोलीस येतील.
ती म्हणाली, “कोण आयकते थे कंपनीले नाही ठाऊक.
तुमाले आहे. माह्याकडं या कामाले.”

बाराही गाणी तिनं पुन्हा गायली.
शब्द तेच. चाली त्याच,
चाली कंपनीच्या कधी नव्हत्याच,
बांधीत वाकलेल्या बायांच्या होत्या.
आवाज तेवढा दहा वर्षांनी जुना,
तळाशी करपलेल्या भातासारखा,
आणि लोकांनी तोच खरवडून घेतला.

गावोगाव वर्गणी लावली. महिन्याला अकरा रुपये,
शारदेची देतो तशी.
देईल त्याला गाणं आठ दिवस आधी,
वर्षातून एकदा त्याच्या गावाचं नाव गाण्यात.
कोरसच्या आठ जणींना वाटा, पाच तारखेला, खात्यावर.
मोठं ॲप हजार ऐकण्यांमागे
अर्ध्या कटिंगचे पैसे देई.
तेही घ्यायची. “चहा कोण सोडते?”

पांढऱ्या गाडीतून कंपनीचा माणूस आला.
जुनी गाणी परत घ्या म्हणाला, सहा लाखांत.
तिनं त्याला तर्री पोहे खाऊ घातले.
“राहू द्या. तुमच्यापाशी कायमस्वरूपी आहेत ना.”

आता पवनीचा खंजिरीवाला वर्गणी मागतो,
वडश्याची नाटकवाली मागते,
कीर्तनकारसुद्धा.
माणसानं किती अकरा द्यावेत?
नवरगावात मागच्या महिन्यात त्रेपन्न जण गळाले.
त्यांची नावं मला पाठ आहेत,
काहींना मी पहिलं कार्ड विकलं होतं.

परवा पेंढरीत एक पोरगा सापडला.
नवं गाणं पहिल्याच दिवशी
सगळ्या तालुक्याला पाठवलं त्यानं. फुकट.
दटावायला मला धाडलं.
अडीच फुटांची खोली. एक पंखा,
मोबाइल तापतो म्हणून मोबाइलकडे वळवलेला.
पोराच्या मानेवरून घाम.
किती जणांना पाठवलंस?
म्हणाला, हिशेब नाही ठेवला.

मी खाली बसलो. वही उघडली.
पेन त्याच्याकडूनच मागून घेतला.