फरदड

बाप्तिस्मा झाला तेव्हा मी सव्वा महिन्याचा होतो.
अडाण नदीच्या अलीकडे, आमच्या पत्र्याच्या देवळात
पाळकांनी नाव ठेवलं एलिया.
पाणी नाकात गेलं म्हणून मी शिंकलो,
एवढंच आई सांगायची.

पुढचं मी सांगतो.

बावीस हंगाम मी वेचणीच्या बायांचा कापूस जोखला.
बांधावरच्या बाभळीला ताणकाटा टांगायचा,
गाठोड्याची गाठ आकड्यात अडकवायची.
स्प्रिंग मी कानशीने घासून शिकवून ठेवलेली:
अकराला साडेनऊ म्हण.
बाया दव सुकायच्या आत आलेल्या,
नखांच्या कडेला बोंडाच्या टोकांनी पडलेल्या चिरा.
मी आकडा मोठ्याने वाचायचो.
आवाज चांगला होता माझा.
रविवारी शास्त्रपाठ वाचायला मलाच उभं करायचे.

एकतीस डिसेंबरला, रात्रीच्या उपासनेत,
मी गुडघ्यांवर येऊन रडायचो.
खोटं नाही, खरंच रडायचो.
दोन तारखेला बाभूळ तीच, काटा तोच.

एका वर्षी पाळक रूबेन ढोके
खिडकीतून बाजूच्या वावराकडे बघत म्हणाले,
"एलिया, तू फरदड ठेवतोस.
जुनी पऱ्हाटी उपटत नाहीस, नुसतं पाणी देतोस.
बोंडं येतात. आत अळी तीच."
त्यांना काट्याचं काही माहीत नव्हतं.
बहुतेक नव्हतं.

त्या रात्री मी वही काढली.
सगळ्यांचा हिशोब जमेना, इतक्या बाया.
काही मेल्या, काही जगायला सुरतेकडे गेल्या.
शेवटी एकीचा केला, अंजिराबाई उइके:
बावीस हंगाम, हंगामाला साडेचारशे,
नऊ हजार नऊशे.

ती अंगणात सरकी पाखडत होती.
मी सगळं बोललो, उभ्यानेच, एका दमात,
शास्त्रपाठासारखं.
तिने सूप खाली ठेवलं नाही.
"मले ठाव होतं," ती म्हणाली.
"हातालेबी वजन समजते, लेका."

मग पैसे घेतले. थुंकी लावून मोजले.
मोजताना माझ्याकडे पाहिलं नाही.
आणि त्यातले नऊशे माझ्यापुढे धरले.
"दोन सालं मी आलीच नव्हती वेचाले.
सुनेचं बाळंतपण, मंग धन्याचा पाय मोडला.
हे तुये."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "माफ केलं का?"
तिने सुपातला खडा वेचून फेकला.
"थे मले जोखता येत नाही.
तू बस. भाकर खाय."

भाकरी अर्धी करपलेली होती. ठेचा होता.
ती वाढत राहिली, मी नको म्हणत राहिलो,
आणि खात राहिलो.
मला वाटलं होतं, ती शिव्या देईल.
शिव्यांसाठी मी तयारी करून गेलो होतो,
भाकरीसाठी नाही.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं.
पाळकांच्या हातून पाव नेहमीच वेडावाकडा मोडतो.
कुणाला कण, कुणाला ढेप.
माझ्या तळहातावर ढेप आली.
आयुष्यभर वजन सांगणाऱ्या मला
ती किती भरेल ते सांगता येईना.

ताणकाटा मी मोडला नाही. लोहाराला दिला,
त्याने त्याचा उलथणं केलं, असं म्हणतात.
आता हंगाम सरला की मजुरीने पऱ्हाटी उपटायला जातो.
चिमट्यात बुडखा धरायचा, मांडीवर जोर घ्यायचा,
मूळ सुटताना एक आवाज येतो,
ओला, खोलातला,
आणि मागे राहतो वीतभर खड्डा.
त्यात काही पेरलेलं नसतं अजून.
मी जरा वेळ बघत उभा राहतो.
मुकादम ओरडतो.

आणि ते नऊशे रुपये.
ते शास्त्राच्या पानांत ठेवले आहेत.
खर्चायचे म्हटले तर हात होत नाही.
परत द्यायला दोनदा गेलो,
दोन्ही वेळा जेवून आलो.