पाटकरी

मिरजेच्या दवाखान्यात मानेला गार जेल फासून
आवटी डॉक्टरीणबाईंनी मला माझंच पाणी ऐकवलं.
शूं... खर्र... शूं.
म्हटलं, बाई, इथं कायतरी अडकलंय.
त्या वळल्या. कसं ओळखलंत?

एकतीस वर्षं कृष्णा कालव्यावर काढली.
त्यातली नऊ रोजंदारीवर.
खोडशीचं पाणी रातच्याला कुंडलाकडं सुटलं
की बॅटरी मालवून भरावावरनं चालायचो.
सरळ जाणारं पाणी बोलत नाही.
बोलतं ते अडल्यावर.

मग त्यांनी केसपेपरच्या पाठीवर एक नळी काढली,
नळीच्या भिंतीत बारके ठिपके.
या पेशी, म्हणाल्या, तुमच्याच खात्यातल्या.
भिंतीलगत राहतात, पडझड बघतात,
भिंतीला ताठा आला की खरवडतात,
नको ते गिळतात.
काहींची भरती तर तुमच्या जन्माआधीची.

मग तुंबलं कसं?

बाई बराच वेळ त्याच ठिपक्यावर पेन फिरवत राहिल्या.
चरबी गिळून गिळून त्या फुगतात.
अंगात नुसता फेस. हलता येत नाही, तिथंच बसतात.
मदतीला नव्या येतात, त्याही बसतात.
तुंबलंय ते, मुलाणी, बरंचसं तेच.

मला सोळाव्या मैलावरचा बंडा लोंढे आठवला.
रिटायर झाला तरी शिट्टी सोडली नाही त्यानं.
कान गेलेले, नजर गेलेली,
कुठं खेकड्याचं बीळसुद्धा नसताना
मध्यरात्री फुंकायचा जीव खाऊन.
माणसं धावत यायची फावडी घेऊन,
आणि त्यांच्या पायांनीच भराव ढासळायचा.
म्हातारपणी असंच होतं का हो, आत?
असंच काहीसं, बाई म्हणाल्या,
आणि गोळी लिहून दिली. रात्री, जेवल्यावर.

एस.टी.तून उतरलो तर कालवा कोरडा.
आवर्तन संपलेलं.
तळाला एक चप्पल, भेगाळलेला गाळ,
माझ्या जागेवर अजून कुणाला नेमलेलं नाही.

आता झोपताना दोन बोटं मानेवर ठेवतो.
कोण कोण आहे रे ड्युटीवर?
एका रात्री कनवाळूपणानं म्हणून गेलो,
दमला असाल, बसा जरा.

आणि ताडकन उठून बसलो अंथरुणात.
नको, नको.
बसू नका बाबांनो.