तीन दिवसांची वही

लामझिरा डॉक्टरनं वही दिली
आणि रेघा मारलेलं एक प्लास्टिकचं भांडं.
किती प्यायलात, केव्हा गेलात, किती मिली,
पोचायच्या आत सांडलं का?
तीन दिवस लिहा म्हणाली.

चौतीस वर्षं ट्रॉलीबस हाकली मी कुताइसीत.
तेव्हा वही दिली असती तर पानं कोरीच राहिली असती.
शेवटच्या थांब्यावर संडास होता,
संडासाची किल्ली गुरामकडे,
आणि गुराम कायम जेवायला गेलेला.

डॉक्टरनं चित्र काढून दाखवलं.
रिकामी असते तेव्हा चेपलेली पखाल,
वरून दोन नळ्या, थेंब थेंब, रात्रंदिवस.
भिंती ताणत जातात, कुरकुरत नाहीत.
अर्धी भरली की कण्यातून वर निरोप जातो,
वरून उत्तर येतं : थांब, अजून दोन थांबे आहेत.
खाली दोन दारं. एक आपलं आपण सांभाळतं,
दुसरं आपल्या हातात.
वेळ आली की भिंत आवळते, दारं सैलावतात.
एवढंच, म्हणाली.

माझ्या भिंतीला आता कुणाचं ऐकायचं नाही.
कुलपात चावी फिरली की आवळते.
भांड्यात पाणी पडलं की आवळते.
आणि दारं तीन बाळंतपणांनी ढिली केलेली,
शिंक आली की मी आधी पाय जुळवते,
मग नाक धरते.

पहिली रात्र.
१.२० : १२० मिली.
३.१० : नळाचा आवाज. वाटेतच सांडलं.
कारण : ओतिआ.

ओतिआ माझा नवरा.
गुमातीच्या धरणावर दरवाजे उघडायचा,
हात टेकला की रिओनी नदी गडगडत सुटायची.
आता आतली अक्रोडाएवढी गाठ लिंबाएवढी झालीय,
गळाच धरून बसलीय.
उभा राहतो बिचारा अंधारात, कपाळ फरशीला टेकून,
आणि धार यावी म्हणून नळ सोडतो.
त्याची येत नाही.
माझी येते.

दुसऱ्या दिवशी भांडलो.
नळ सोडू नकोस. मग काय करू?
शीळ घाल.
शीळ घातली. तीही मला पुरली.

तिसऱ्या रात्री नळ वाहतच राहिला.
मी जाऊन आले, पुन्हा जाऊन आले,
तो तिथंच, घामानं भिजलेला,
बेंबीखाली पोट टरबुजासारखं टणक.
"त्सिआला," म्हणाला, "दरवाजाच उचलत नाहीये."

ॲम्ब्युलन्सवाला पोरगा विशीतला.
नळी घातली तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाला, आजी, बाहेर थांबा.
मी थांबले नाही.
पिशवी भरत गेली, फुगली,
ओतिआचे खांदे हळूहळू खाली आले.
असा चेहरा त्याचा मी
पोरं जन्मली तेव्हाही पाहिला नव्हता.

वही पर्समध्ये होती. लिहिलं :
४.४५ : ११०० मिली.
भांडं पुरलं नाही.

लामझिरा बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसली.
हे तुमचं?
म्हटलं, घरातलंच.

त्याला गोळ्या दिल्या, गाठीचं पुढं बघू म्हणाली.
मला व्यायाम.
खालचं सगळं आवळून धरायचं, दहा मोजायचे, सोडायचं.
आकडे मोजायचा मला कंटाळा.
मी माझा मार्ग मोजते :
बाजार, दवाखाना, पांढरा पूल,
साबणाचा कारखाना, शाळा…
बाजूला ओतिआ झोपलेला, नळ बंद.
काल सातव्या थांब्यावर सुटलं.
आज आठव्यापर्यंत नेली गाडी.
दहाव्यावर संडास आहे.
बघू, गुराम जेवून आलाय का.