चार बोटं

मल्लिनाथ म्हणतो, टप उंच केलास
की ताशी सात किलोमीटर वाऱ्याला फुकट गेले बघ.
तो अक्कलकोट रोडला कूलरचे पत्रे वाकवतो,
हवेचं त्याला कळतं.

पहिला टप बेतला तेव्हा
मापाला मी एकटाच होतो.
डाइंगवाल्याच्या भट्टीत ॲक्रिलिक मऊ केलं,
साच्यावर ओढलं,
माशाच्या पाठीसारखा निघाला, सुबक.
झाकला की हेडफोनची पट्टी काचेला घासायची,
मान डावीकडे कलती धरावी लागायची.
चालतंय की, म्हणालो.
चाळीस वर्षं मागावर तुटका धागा शोधला,
कलती मान घरचीच.

मग दुसरी सीट बसवली.
तिथं कोण, हे कुणी विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.

रविवारी स्टुलावर चढवून राजमणीला आत बसवलं.
नव्या टपाचा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा,
वर आपलीच चादर, मोराची, कडेला विरलेली.
कामट्या दोन बोटं वर. तीन.
टेकतंय?
टेकतंय की.
चार बोटं. आता?
टेकतंय.
मी वाकून पाहिलं :
डोकं आणि चादर यांच्यामध्ये माझी अख्खी मूठ मावत होती.
ती खाली बघत बसलेली,
मांडीवर सूप असल्यासारखी,
आणि दोन्ही अंगठे, काही हातात नसताना,
विडी वळत होते.

वर बघ, म्हणालो.
वर काय हाय?
काय नाही, म्हणून तर बघ.

पाठ सीटला लागली, मग खांदे,
मग अंबाडा चादरीला लागला, खरोखरचा.
लग्नाला सदतीस वर्षं झाली,
बसल्यावर ती माझ्याहून उंच आहे
हे मला ठाऊक नव्हतं.

मल्लिनाथचं चालूच : एवढी काच, मे महिना,
चव्वेचाळीस डिग्री, दोघं भाजून निघताव.
विजापूरचा घुमट बसवलालास का काय डोक्यावर, बे?

पाच बोटं लिही, म्हणालो.
जाऊ देत सात किलोमीटर.
हिप्परग्याच्या तळ्यावर एक चक्कर मारायची,
तळं काय पळून जात नाही.

राजमणी उतरली, पदर झटकला.
उडेन असं म्हटलेलं नाही मी.
नाही म्हटलंस.
आत लई उकडतंय. काचेला खिडकी ठेवा,
हात बाहेर काढता येईल एवढी.
मल्लिनाथनं तेही लिहिलं,
पेन्सिल परत कानावर ठेवली.

जुना टप अंगणात विटांवर उताणा ठेवलाय.
पाचव्या दिवशी नळ आला,
तिनं त्यात पाणी भरून घेतलं.
नऊ घागरी मावल्या, म्हणाली,
दिसतो त्यापेक्षा मोठा होता.