शेवटचा पगार

कडेला धर पोरा, कडेला.
तोंडावर बोट लावू नकोस.
तांबं विसरत नाही.
सकाळच्या लोण्याचा ओशटपणा
तुझ्या बोटांना राहिला असेल,
तर तेवढाही लिहून ठेवतं.

दर शनिवारी येरेवानच्या या बाजारात
मी चादर पसरते.
डावीकडे समोवारच्या तोट्या विकणारा हाम्बार्त्सुम,
उजवीकडे दात उपटायच्या पकडी.
मधे मी, ह्राचुही, आणि ह्या पाट्या:
एका अंगाला तांबं,
दुसरं अंग काचेच्या धाग्याचं,
कच्च्या जर्दाळूच्या रंगाचं.
कोरे ताम्रपट.
कोणी कोणाला गाव दिलेलं नाही यांत.

एवढ्या कुठून आल्या म्हणतोस?
कारखाना बंद पडला तेव्हा
शेवटच्या तीन महिन्यांचा पगार
माझ्या नवऱ्याला पाट्यांत मिळाला.
दोनशे चाळीस.
मुलाच्या घसरगाडीवर लादून आणल्या,
लिफ्ट बंद, आठ मजले,
चार खेपा.
मी म्हटलं, वार्दगेस, पाववाला घेईल का ह्या?
तो म्हणाला, बघू.
चुलीत एक जाळून पाहिली मी.
नुसता धूर.

त्या हिवाळ्यात वीज दिवसाला एक तास यायची,
कधी ते तिचं तिला ठाऊक.
वार्निश मिळत नव्हतं कुठे.
माझ्या कपाटात नखांच्या रंगाची बाटली होती,
बहिणीने ओदेसाहून आणलेली,
पिकल्या चेरीसारखी, अर्धीही न वापरलेली.
विचारलं नाही त्याने.
काडीला टाचणी बांधली
आणि मेणबत्तीजवळ बसून
तांब्यावर रस्ते काढत राहिला,
श्वास रोखून,
जणू खाली माणसं झोपली आहेत.

मग पाटी त्या तपकिरी पाण्यात.
बशी हलवायचं काम माझं.
जिथे रंग, तिथे तांबं उरतं.
बाकीचं पाणी खाऊन टाकतं.
इतकंच आहे ते सगळं.
बशी हलवता हलवता मला वाटायचं,
आपल्यालाही कोणीतरी असंच हलवतंय,
फक्त झाकलंय काय
ते दिसत नाही.

गाडीच्या बॅटरीवर ट्यूब पेटली.
आधी आमची, मग समोरच्या आंधळ्या मास्तरांची
(त्यांनीच सगळ्यात आधी मागितली होती),
मार्चपर्यंत जिन्यातल्या सात घरांत.
बायका माझे हात धरून आभार मानायच्या.
आभार त्याचे, हात माझे,
नखं उघडी.

तुला कशाला हवी?
लाव्यांची अंडी उबवायला?
हसत नाही रे. ऊब सांभाळायची म्हणजे काय
ते मला नको सांगूस.
आणि टाचणीबिचणी नाही, माहीत आहे,
तुम्ही आता कागदावर छापता आणि इस्त्री फिरवता.

ही घे.
थांब. हिच्यावर डाग आहे.

अंगठा आहे तो.
मधे तपकिरी, कडेला हिरवट,
रेघा मोजता येतील इतका स्वच्छ.
जन्मभर मला बजावत आला,
कडेला धर, ह्राचो, कडेला,
आणि एकदा स्वतः चुकला.

शंभर द्राम कमी करा म्हणतोस?
डागाचे?

बरं.
शंभर कमी.

पण ऐक, म्हेर, नाव म्हेरच ना तुझं?
घरी गेल्यावर तारेच्या काथ्याने घास.
गोल गोल नको, एकाच दिशेने,
वर टाकलेलं पाणी थेंब न होता
सपाट पसरेपर्यंत.
डागावर जास्त जोर लाव.
राहिला तर तिथे शाई धरणार नाही,
पाणी तुझा रस्ता खाईल
आणि अंडी रात्रीत गार पडतील.
दया करू नकोस त्याच्यावर.

कागदात गुंडाळते.
तांबं आत, असं.

पिल्लं निघाली तर सांगायला ये.
नाही निघाली तरी ये,
अजून एकोणीस आहेत.